नकाशावरची रेघ आणि मातृभाषेचा रकाना

प्रश्न असा आला आहे. धडगावकडचा एक पावरा आदिवासी तरुण पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने ज्याची मागणी चालू आहे त्या ‘भिल प्रदेश’ राज्याचा नकाशा मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. अभ्यासिकेत शेजारी बसणारा मित्र म्हणाला, "तू तर फुटीर निघालास." तेव्हापासून तो विचारतोय: सर, आपली वेगळी ओळख सांगणं आणि देश फोडणं यांच्यामधली रेघ कुठे असते, आणि ती ओढतो कोण?

भाऊ, मित्रावर रागावू नकोस. मी एकतीस वर्षं खान्देशात राज्यशास्त्र शिकवलं आणि हा घोळ दरवर्षी पहिल्याच तासाला निघायचा. त्यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. महाराष्ट्र हे ‘राज्य’, आणि लष्कर, पोलीस, कर, तुरुंग ज्याच्या हातात ते सार्वभौम ‘राज्य’ही राज्यच. ‘राष्ट्र’ हा शब्द तर आपल्या राज्याच्या नावातच बसलेला आहे. त्याने दिल्लीत कुणाची झोप उडत नाही. तमिळमध्ये ‘नाडू’ म्हणजे देश, तरी तमिळनाडूच्या बसवर ते नाव बघून कुणी दचकत नाही. तुझ्या नकाशावर ‘प्रदेश’ लिहिलंय, मध्य प्रदेशात असतो तोच. त्याची मात्र भीती वाटली. तेव्हा शब्दांवरून काही ठरत नाही, कोण बोलतंय यावर बरंच ठरतं.

परीक्षेपुरतं उत्तर आधी देऊन टाकतो. भिल प्रदेशाची मागणी फुटीर नाही. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्रातले आदिवासीबहुल भाग एकत्र करून भारतातच एक राज्य करा, एवढंच तिचं म्हणणं आहे. संविधानाच्या कलम ३ नुसार संसद नवं राज्य करू शकते, असलेल्याच्या सीमा बदलू शकते, नावही बदलू शकते. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर देशात १४ राज्यं होती, आज २८ आहेत. म्हणजे आपल्याकडे राज्यांच्या सीमा मोडत-जोडत देश टिकलाय. फुटीरतावाद तेव्हा सुरू होतो, जेव्हा एखादा गट या सार्वभौमत्वातूनच बाहेर पडू म्हणतो. इतकं लिहिलंस तर गुण मिळतील.

पण तू गुणांसाठी विचारलेलं नाहीस, हे मला कळतंय.

आधी आपलंच घर बघू. १९४८ मध्ये दार आयोगाने आणि पुढच्या वर्षी नेहरू, पटेल, पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने भाषावार प्रांतांबद्दल जो सूर लावला, तो आजच्या तुझ्या मित्राचाच होता: देश नुकताच फाळणीतून निघालाय, आता भाषेच्या नावाने आणखी तुकडे नकोत. पोट्टी श्रीरामुलू उपोषणात १५ डिसेंबर १९५२ ला गेले, तेव्हा कुठे आंध्र मिळालं. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. ज्यांची नावं आज हुतात्मा स्मारकावर आहेत, त्यांच्या मागणीला त्या काळी संकुचित, प्रांतीय, एकतेला घातक म्हटलं गेलं होतं. १ मे १९६० नंतर तीच मागणी सरकारी सुट्टी झाली. पाठ्यपुस्तकात हे दोन धडे वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, म्हणून मुलांना त्यांचा संबंध दिसत नाही.

त्या १ मेला आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या पुस्तकात दोन ओळींच्या वर जात नाही. पश्चिम खान्देशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली बरीच गावं गुजरातला गेली. डांग तर सबंधच गेला. नवापूरचं रेल्वे स्टेशन तू पाहिलंच असशील. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत, एकाच बाकावर दोन राज्यं. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. पण त्या रेघेने मावची लोकांचं काय केलं, याचा फोटो निघत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत गामित, गावित, मावची ही नावं एकाच नोंदीत आहेत. नवापूरचा मावची मराठी शाळेत गेला, सोनगड-व्याऱ्याकडचा गामित गुजराती शाळेत. आते-मामे भावंडांना एकमेकांची लग्नपत्रिका नीट वाचता येईना. तुमच्यातही तेच: सातपुड्याच्या अलीकडे पावरा, पलीकडे बडवानीकडे उतरलं की बारेला. भाषावार राज्यरचनेने मराठी आणि गुजराती माणसाला घर दिलं. ज्यांची भाषा या दोन्ही नव्हत्या, त्यांच्या घराच्या मधोमध भिंत आली. तुझ्या स्टेटसमधला नकाशा त्या भिंतीतून निघालाय, परदेशी पैशातून नव्हे.

आता खऱ्या फुटीरतेकडे वळू. दोन उदाहरणं शेजारी ठेव.

तमिळ भागात द्रमुकने उघडउघड स्वतंत्र द्रविड नाडू मागितला होता. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली. उमेदवाराने देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ घेतलीच पाहिजे, असा नियम आला आणि द्रमुकने मागणी सोडली. शपथेमुळे सोडली असं पुस्तकं सांगतात, मला ते अर्धंच पटतं. आधीच्या वर्षी चीनचं युद्ध झालं होतं, हवा बदलली होती. आणि मुख्य म्हणजे निवडणुकीचा दरवाजा उघडा होता. १९६५ मध्ये हिंदीविरोधात आंदोलन पेटलं, १९६७ मध्ये हाच पक्ष सत्तेवर आला, त्याच वर्षी इंग्रजीचा वापर चालू राहील याची कायद्याने हमी मिळाली आणि जानेवारी १९६९ मध्ये मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं. ‘नाडू’ हवा होता, तो पाटीवर मिळाला. हे हसण्यावारी नेऊ नकोस. पाटीवर काय लिहिलंय हे ज्याची भाषा पाटीवर असते त्याला क्षुल्लक वाटतं.

मिझोंचं उलटं झालं. तिकडच्या डोंगरात साधारण ४८ वर्षांनी बांबू फुलतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि धान्य फस्त करतात. त्याला मावताम म्हणतात. १९५९ च्या मावतामचा इशारा मिझो जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आधीच दिला होता. तिकडे त्याला डोंगरी लोकांची अंधश्रद्धा समजलं गेलं. दुष्काळ पडला. मदतीसाठी स्थानिक पोरांनी एक दुष्काळ निवारण आघाडी काढली, लालडेंगा तिचा पुढारी. १९६० मध्ये आसामने असमिया राजभाषा केली, त्याची भर पडली. १९६१ मध्ये त्या आघाडीच्या नावातला ‘दुष्काळ’ गळाला आणि ‘मिझो नॅशनल फ्रंट’ उरली. मी वर्गात हे नेहमी फळ्यावर लिहायचो: आधी तांदूळ मागणारी संघटना, दोन वर्षांत राष्ट्र मागणारी. फेब्रुवारी १९६६ च्या शेवटी बंड झालं, ५ मार्चला आपल्याच हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. पुढच्या वर्षापासून लोकांना गावांतून उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत बसवलं, जुनी गावं जाळली. वीस वर्षं गेली. ३० जून १९८६ ला करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम पूर्ण राज्य झालं. जमीन आणि रूढी-कायदे यांवर तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय संसदेचा कायदा लागू होत नाही, अशी तरतूद कलम ३७१-जी मध्ये आली. जे अखेर १९८७ मध्ये दिलं, त्याचा चौथा हिस्सा १९५९ मध्ये दिला असता तर, हा प्रश्न मी परीक्षेत कधी विचारला नाही. विचारायला हवा होता.

आता तू म्हणशील, म्हणजे सर, राज्याचा राष्ट्रवाद वाईट आणि लहान समूहाची अस्मिता चांगली. थांब. मिझोराममध्येच ब्रू नावाचा समाज आहे, रियांगही म्हणतात. १९९७ मध्ये तिथे झालेल्या हिंसेनंतर हजारो ब्रू पळून त्रिपुरात आले आणि छावण्यांत त्यांची एक पिढी वाढली. त्यांना त्रिपुरातच वसवण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला. ज्यांना दिल्लीने आणि आसामने ऐकलं नाही, त्यांनी आपल्या घरातल्या धाकट्याला ऐकलं नाही.

बांगलादेशाचं तर आणखी जवळून बघण्यासारखं आहे. पाकिस्तानने उर्दू लादली, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात पोरं मेली, १९७१ मध्ये भाषेच्या पायावर देश उभा राहिला. आणि १९७२ च्या त्यांच्या संविधानात लिहिलं गेलं की बांगलादेशाचे नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील. चितगाव डोंगरी भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लार्मा संविधान सभेत उभे राहिले: आम्ही चकमा आहोत, बंगाली नाही. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. नंतर तिथे सशस्त्र लढा झाला, तो १९९७ च्या कराराने थांबला. १९७१ च्या आधी ज्यांना ‘उर्दू बोला, म्हणजे खरे पाकिस्तानी’ असं सांगितलं गेलं होतं, त्यांनीच चकमांना ‘बंगाली व्हा’ म्हटलं. श्रीलंकेत स्वतंत्र तमिळ देशासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी (एलटीटीई) ऑक्टोबर १९९० मध्ये जाफन्यातल्या मुसलमानांना दोन तासांत घर सोडायला लावलं. ते लोक तमिळच बोलत होते. मी फुटीर चळवळींचा अभ्यास करताना आता आधी त्यांचा जाहीरनामा वाचत नाही. त्या मागितलेल्या प्रदेशात आणखी कोण राहतं ते बघतो, आणि जाहीरनाम्यात त्याचं नाव आहे का ते शोधतो. हे तुझ्या नकाशालाही लावून बघ: त्यात कोकणा, अहिराणी बोलणारा कुणबी, गुजर, बंजारा, तडवी यांची जागा काय? सभेत विचार. विचारणाऱ्याला तिथे गद्दार म्हणाले, तर तुझ्या अभ्यासिकेतला मित्र तिथेही बसलाय असं समज.

चकमांची गोष्ट एवढ्यासाठी लांबवली की तिच्यात एक धरण आहे. कर्णफुली नदीवरचं काप्ताई, १९६२ च्या सुमारास पुरं झालं. सुमारे एक लाख माणसं उठली, त्यांत बहुतेक चकमा, आणि डोंगरातली चांगली भातशेती तळाला गेली. त्या जखमेवरच पुढची बंदूक उगवली, असं तिथले अभ्यासक म्हणतात. आता आपल्याकडे ये. तापीवर उकाई धरण झालं. सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं आली, मणिबेली पहिली. डोंगर तोच, माणसं तशीच, पाणीही तसंच चढलं. मग तुझ्या आजोबांनी ‘आमचा वेगळा देश’ का नाही म्हटलं?

या प्रश्नाला मी बरीच वर्षं एक गोड उत्तर देत होतो, की भिल्ल माणूस मुळात देशभक्त. अशा उत्तराने टाळ्या मिळतात. पण ते खरं असतं, तर मिझो मुळात देशद्रोही ठरतात, आणि ते खोटं आहे. मला आता कारणं वेगळी दिसतात.

एक तर आपल्याकडे रोजचा जाच सरकारपेक्षा शेजारच्या जमीनदाराचा होता. शहादा-तळोद्यात आदिवासींच्या जमिनी सावकारीत आणि खोट्या कागदांवर गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल कार्यकर्ता उभा राहिला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. मोर्चे निघाले ते सरकारने मधे पडावं म्हणून. १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा आला. अंमल कसा झाला ते तलाठी कार्यालयात जाऊन विचार, मी इथे लिहीत बसत नाही. पण दिशा लक्षात घे: माणूस राज्याकडे पाठ फिरवत नव्हता, राज्याला आपल्या बाजूला ओढत होता. नर्मदेच्या धरणाविरुद्धच्या लढ्यातही कोर्ट, सत्याग्रह, जमिनीला जमीन.

दुसरं कारण निव्वळ भूगोल. मिझो बंडखोरांना मागे हटायला पूर्व पाकिस्तान होता, चकमांना त्रिपुरा. सातपुड्याच्या मागे मध्य प्रदेश आहे. तिकडेही तेच पोलीस, तोच वनरक्षक. फुटीर चळवळीला बहुतेक वेळा एक परकी सीमा लागते. हे बोलायला रुक्ष वाटतं, पण अस्मितेवरच्या शंभर भाषणांपेक्षा यात जास्त सत्य आहे.

तिसरं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं. अस्मितेला शब्द देणारा शिकलेला वर्ग लागतो, आणि तो एका भाषेत शिकलेला असावा लागतो. मिझोंकडे मिशनऱ्यांनी रोमन लिपी दिली, शाळा एका भाषेत झाल्या, बायबल एका भाषेत आलं. भिल्लांची पोरं कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत शिकली. त्यांच्यात पहिला पदवीधर निघाला तो मराठी निबंध लिहिणारा निघाला. आज तुमच्या पिढीच्या हातात मोबाइल आहे, राजस्थानातल्या बांसवाडा-डुंगरपूरचं भाषण धडगावात त्याच संध्याकाळी ऐकू येतं. म्हणून नकाशा आत्ता निघतोय. शांतता म्हणजे समाधान, असं धरून चालणाऱ्या अधिकाऱ्यांना हे कळत नाही.

मात्र ‘गरीब म्हणून वेगळे होऊ पाहतात’ हे सूत्रही पाठ करू नकोस. स्पेनमधला कॅटालोनिया तिथल्या श्रीमंत भागांपैकी. तरी १ ऑक्टोबर २०१७ ला कोर्टाची मनाई झुगारून तिथे सार्वमत झालं. आणि ‘राज्य दिलं की प्रश्न मिटतो’ हेही नको. नागालँड १ डिसेंबर १९६३ ला राज्य झालं. पण वेगळा ध्वज आणि वेगळं संविधान यांवरची बोलणी केंद्राच्या नागा गटाशी झालेल्या आराखडा करारानंतरही, म्हणजे २०१५ नंतरही अडलेली राहिली.

स्मृतींचं एक उदाहरण देतो, कारण ओढाताण तिथे उघडी दिसते. राजस्थान-गुजरात सीमेवरच्या मानगढ टेकडीवर १७ नोव्हेंबर १९१३ ला गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर इंग्रज आणि संस्थानी फौजेने गोळ्या चालवल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे पंतप्रधान आले, तीन राज्यांचे मुख्यमंत्री आले आणि ही स्वातंत्र्यलढ्याची भूमी म्हणून गौरवली गेली. जुलै २०२४ मध्ये त्याच टेकडीवर भिल प्रदेशाची मोठी सभा झाली. टेकडी एक, मेलेली माणसं तीच. एकाने त्यांना राष्ट्राच्या खात्यात लिहिलं, दुसऱ्याने भिल्लांच्या. आपल्या खाज्या नाईकाचंही असंच. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीच्या लढाईत त्याचे भिल्ल लढले, ते ‘भारता’साठी की डोंगरावरच्या आपल्या हक्कासाठी? मला विचारशील तर हक्कासाठी. पण म्हणून त्याचं नाव राष्ट्राने घेऊ नये असं मी म्हणणार नाही. नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमारने दिलेली घोषणा गुजरातीत होती, ‘नहीं नमशे, नहीं नमशे’. तिथल्या कुणालाच तेव्हा ती परकी वाटली नाही. राष्ट्रवादाला अनेक भाषांत बोलता येतं. अडचण एकाच भाषेचा हट्ट धरल्यावर येते.

शेवटी माझ्या स्वतःच्या हातून झालेलं सांगतो. १९९१ च्या जनगणनेत मी पर्यवेक्षक होतो, अक्राणीच्या वरच्या पाड्यांवर. मातृभाषेचा रकाना असतो. नियम असा की माणूस सांगेल ते लिहायचं. एका म्हाताऱ्याने आपली भाषा सांगितली, प्रगणकाने ‘मराठी’ लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, सर, याची भाषा कोण बघतं, मराठीच ना शेवटी. मी सही केली. घरी आलो तर माझ्या स्वतःच्या अर्जातही ‘मराठी’च होतं, आणि मी मायशी आयुष्यभर अहिराणीत बोललो! भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने शंभर वर्षांपूर्वी खान्देशी भाषा भिल्ल भाषांच्या खंडात घातली, म्हणून आमच्याकडचे काही लोक अजून नाराज असतात. मला त्या नाराजीचीच जास्त लाज वाटते.

आता आकडे बघ. २०११ च्या गणनेत भिली या मथळ्याखाली, ज्यात पावरी, मावची, वसावा या सगळ्या येतात, एक कोटी चार लाख लोक आहेत. ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. बोडो बोलणारे पंधरा लाखांच्या आत, ती आहे. २००३ मध्ये आली, बोडोंच्या सशस्त्र संघटनेशी झालेल्या करारानंतर. मला बोडोंचा हेवा नाही, त्यांना मिळालं ते योग्यच मिळालं. पण सातपुड्यातल्या पोराने हे दोन आकडे शेजारी ठेवून काय धडा घ्यावा? फुटीरतावादाची पहिली शिकवणी अशीच होते, आणि ती घेणारा मास्तर जंगलात नसतो.

तुझा मित्र विचारेल, तुझ्या आधारवर तर भारतच लिहिलंय ना? त्याला सांग, देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं होतं. ओळख पटवायला सरकार आधी आमच्याकडेच आलं होतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या काळात रजा काढून धडगावला जा. प्रगणक बहुतेक तुझ्याच ओळखीचा गुरुजी असेल. आजीला आधी सांगून ठेव, भाषेचं नाव विचारलं की ‘पावरी’ म्हणायचं, आणि त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला लाव.  आणि ती गणना भारताची असते. पावरी भाषा आणि भारताची गणना, दोन्ही एकाच नोंदीत, एकाच माणसाच्या नावापुढे असतात. ती नोंद तुझ्या मित्राला दाखवता येणार नाही, माहिती गोपनीय असते. पण तुला ती माहीत असेल. मी या खेपेला ‘अहिराणी’ लिहिणार आहे. बायको म्हणते, पेन्शनला काही होणार नाही ना?